मेलेल्यांची छपरं

थोर्किलने चीजचा पातळ काप काढला, राय धान्याच्या काळ्या पावावर ठेवला, कडेला कडा जुळवली आणि म्हणाला, “माझी राख त्या हिरवळीत पुरायला सांग. दगड नको, नाव नको. काकडी संपली का गं?” बोदिलने काकडीची बशी त्याच्यापुढे सरकवली. हात सवयीने सरकला, बाकीची ती होती तिथेच राहिली. खिडकी उघडी होती, खाली न्योरेब्रोच्या रस्त्यावरून सायकलींची सकाळची रांग चालली होती, कॉफीचं भांडं अजून गरम होतं, आणि एवढं सगळं जागच्या जागी असताना हा माणूस काकडीच्या अलीकडे असलं वाक्य ठेवून मोकळा झाला होता. ती हिरवळ तिला ठाऊक होती. दफनभूमीच्या मागच्या अंगाला, चेस्टनटच्या झाडांपलीकडे, नुसतं कापलेलं गवत. त्याखाली राखेचे कलश पुरतात. कोणता कुठे, ते घरच्यांनाही सांगत नाहीत, आणि पुरताना कुणाला जवळ येऊ देत नाहीत. आताशा पुष्कळ जण तिथेच जातात, सुटसुटीत म्हणून. “तू हो म्हण,” थोर्किल चावता चावता म्हणाला, “म्हणजे सोमवारी मी तिथल्या कचेरीत फोन करून टाकतो. नाही म्हणालीस तर नाही करणार. पण तू हो म्हण.” “आत्ता?” “आत्ता कशाला? संध्याकाळी सांग की. आज तुझा दगड उचलायचाय ना?” आज खरंच दगड उचलायचा होता. ती उठली, डबा घेतला, हेल्मेट घातलं, त्याच्या डोक्यावर नेहमीसारखे ओठ टेकवले आणि जिना उतरली. 

“लाल! लाल आहे, लाल!” मागून कुणीतरी ओरडलं तेव्हा तिची सायकल चौकात निम्मी शिरलेली होती. तिने ब्रेक दाबले. पुढच्या खोक्यात दोन पोरं बसवलेल्या सायकलवरची एक बाई तिच्याकडे बघून म्हणाली, “डोळे घरी राहिले वाटतं!” ती पोरंही तिच्याकडे टकमक बघत होती. बोदिल पाय टेकून मागे सरली. एरवी दुसऱ्याने लाल दिवा तोडला की असं ओरडणारी तीच असायची. थोर्किल म्हणायचा, हिला पोलिसात घ्यायला हवं होतं, शहर सुधारलं असतं. आता ती मान खाली घालून उभी होती आणि तिला भलताच राग आला होता. त्या बाईचा नाही, थोर्किलचा. तो मरणार आहे, हे दोघांनाही गेल्या सप्टेंबरपासून माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसाचं चित्र दाखवलं होतं, आवाज खाली आणून समजावलं होतं की आणखी एखादा उन्हाळा मिळेल, त्यापुढचं सांगता येत नाही. तरुणपणी थोर्किलने सिमेंटचे पत्रे कापून छपरं घातली होती, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. ती धूळ इतकी वर्षं आत दडून होती. “म्हणजे छपरानेच दगा दिला म्हणायचा,” तो म्हणाला होता, आणि घरी येताना दोघांनी बेकरीतून दालचिनीचे रोल घेतले होते. तेव्हा बोदिल रडली होती, रात्ररात्र जागली होती, मग हळूहळू त्याचीही सवय झाली होती. आजचं वेगळं होतं. आज तिला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. सरळ सांगायचं तर हेच. इतकी वर्षं एका पलंगावर काढल्यावर या माणसाला आता अनोळखी लोकांच्या गर्दीत जाऊन झोपायचं होतं, आणि आपण कुठे झोपलोय ते बायकोला कळू नये अशी त्याची इच्छा होती. माझ्यापासून लपायचंय काय याला? दिवा हिरवा झाला. मागच्यांनी घंट्या वाजवल्या. ती निघाली.

आपल्या कचेरीत सायकल लावून ती गाडीने शहराबाहेर पडली. क्रेनवाला प्रेबेन क्रेन घेऊन पहाटेच पुढे गेला होता. मे महिना होता, बीचच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी शेतं इतकी भडक पसरली होती की डोळे दिपावेत. एरवी या रस्त्याला तिच्या डोक्यात दगडच असायचे. बोदिलचं सगळं आयुष्य मेलेल्यांच्या छपरांवर गेलं होतं. पाच हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी आपल्या माणसांसाठी धोंड्यांच्या खोल्या बांधल्या, वरून माती लोटून टेकड्या केल्या, त्या अजून शेताशेतांतून उभ्या आहेत. त्या गळायला लागल्या, ढासळायला लागल्या की सरकारी कचेरीतून बोदिलला धाडायचे. ते छप्पर कसं बसवलंय, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आधी उभे धोंडे. त्यांच्या मधल्या फटी चपट्या दगडांनी भरायच्या, एकावर एक, चुना नाही की काही नाही. त्यावर दुसरा थर, तो थोडा आत झुकता ठेवायचा म्हणजे वरचं तोंड अरुंद होत जातं. पण झुकत्या दगडाची शेपटी मागे टेकडीच्या भाराखाली दाबलेली पाहिजे, भार काढलात की तो आत आलाच म्हणून समजा. मग त्या अरुंद तोंडावर झाकणाचा धोंडा, मोटारीपेक्षा मोठा, सपाट बाजू खाली. त्यावर कौलांसारखे चढते दगड, त्यावर चिकणमाती, त्यावर भाजून कुटलेल्या चकमकीच्या दगडाचा चुरा. वरून पडलेलं पाणी बाजूबाजूने निघून जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि फटींतल्या त्या चपट्या दगडांच्या मध्ये, दर थराला, भूर्जाची साल. कागदासारखी सोलून, कापून, दोन दगडांच्या मध्ये अंथरलेली. ती बाहेरून दिसत नाही, आतूनही दिसत नाही. दगड काढला तरच दिसते, आणि दगड काढावा अशी तर बांधणाऱ्यांची मुळीच इच्छा नसणार. ओल शोषायला, म्हणतात काही जण. दगड घट्ट बसावा म्हणून, म्हणतात दुसरे. बोदिलने दोन्ही बाजूंनी लेख लिहिले होते आणि तिचं स्वतःचं कशानेच समाधान झालं नव्हतं. हाडांना ओल लागली काय, न लागली काय!

“तुझं बरंय,” थोर्किल म्हणायचा, “तुझ्या गिऱ्हाइकांची तक्रार येत नाही. गळलं तरी उठून कोण येतंय?” “आणि तुझी गिऱ्हाइकं पाच हजार वर्षं थांबतात का?” “माझी पाच मिनिटं थांबत नाहीत. पहिला पाऊस पडला की फोन.” तो जिवंतांची छपरं करायचा, कौलं, दगडी पाट्या, चर्चच्या मनोऱ्यांचा तांब्याचा पत्रा. दोघांची ओळखसुद्धा छपरावरूनच झालेली. ती नवी नवी नोकरीला लागली होती, एका टेकडीवर झाकणाचा धोंडा उचलून ठेवलेला आणि आभाळ भरून आलं. झाकायला कापड पुरेना. खाली गावच्या चर्चवर काम करणारा एक लाल केसांचा माणूस हे सगळं वरून बघत होता म्हणे, तो आपली भलीमोठी ताडपत्री खांद्यावर टाकून शेतातून धापा टाकत आला. ताडपत्री बांधली, मग आत काय आहे बघू म्हणून खोलीत जायच्या अरुंद बोळातून रांगत शिरला. बराच वेळ बाहेर येईना. बोदिल वाकून बघते तर हा जमिनीवर उताणा पडून, डोक्याखाली हात घेऊन, वरच्या झुकत्या थरांकडे बघतोय. “हे काम कोणी केलं?” त्याने विचारलं. “त्याला माझ्याकडे पाठवा. माझी माणसं नुसती कॉफी पितात.” ती हसली, आणि हसताना तिला वाटलं, हा माणूस आपल्याला आवडणार. तसंच झालं. मूल झालं नाही, ते दुःख दोघांनी पुष्कळ वर्षं वाटून घेतलं, मग त्यावर बोलणं थांबलं. एकमेकांशी मात्र बोलणं कधी थांबलं नाही. आणि आता तोच माणूस म्हणतो की मला छप्पर नको. गवत पुरे.

का, ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. थोर्किलचे वडील तो लहान असताना गेले, युटलंडमधल्या एका आडगावात. आईने त्यांची कबर राखली. राखली म्हणजे काय, दर शनिवारी. भोवती गुडघाभर उंचीचं कुंपण, ते दोरी लावून कापायचं. आत पांढरी खडी, ती दाताळ्याने विंचरायची, सरळ रेघांत, आणि मग मागे मागे येत आपल्याच पावलांचे ठसे पुसायचे. डिसेंबरात सगळ्यावर फर झाडाच्या फांद्या मांडायच्या, नक्षी करून. शेजारच्या कबरीची नक्षी आपल्यापेक्षा बरी झाली तर घरी येऊन जेवायचं नाही. थोर्किल पाण्याची झारी धरून उभा असायचा. खडीवर पाय पडला की थोबाडीत. “बापाची आठवण म्हणशील तर मला दाताळ्याचा आवाज आठवतो,” तो सांगायचा. “खर्र, खर्र. बाप कसा बोलायचा ते आठवत नाही.” पुढे आईही गेली, कबरीच्या जागेची भाड्याची मुदत संपली, कुणी वाढवली नाही, आणि रिवाजाप्रमाणे तो दगड उचलून भिंतीपाशी ठेवला गेला नि मग कधीतरी फोडून खडी झाला. कुठल्या तरी रस्त्याखाली बाप आहे, आपण त्याच्यावरून गाडी नेत असू, असं तो हसत हसत सांगायचा. त्या हसण्यात तिने कधी लक्ष घातलं नव्हतं. आता गाडी चालवताना ते हसणं तिला पुन्हा ऐकू आलं, आणि तिला कळत होतं की तो काही तिच्यापासून पळत नाहीये, दाताळ्यापासून पळतोय. पण कळून राग जातो असं थोडंच आहे! मी काय त्याची आई आहे? मी खडी विंचरणार आहे? मला फक्त माहीत हवंय की तो कुठे आहे. एवढंसुद्धा मागायचं नाही का माणसाने? ती मोठ्याने म्हणाली, गाडीत एकटीच, “नाही. मी नाहीच म्हणणार.” आणि तिला जरा बरं वाटलं.

टेकडी जुळी होती. एकाच मातीखाली शेजारी शेजारी दोन खोल्या, दोन बोळ. दोन्ही खोल्यांच्या झाकणांना एकाच धोंड्याच्या दोन फाका वापरलेल्या. फोडून एक इकडे घातली, एक तिकडे. थोर्किल त्याला घटस्फोट झालेला दगड म्हणायचा. प्रेबेन क्रेनच्या पायऱ्यांवर बसून खारवलेल्या हेरिंग मासळीचा पाव खात होता. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, जगात कशाचीच घाई नसलेला माणूस. “या, बाई! मला वाटलं, आज दगड सुट्टीवर.” “उशीर झाला.” “चेहरा का पडलाय?” हातमोजे चढवता चढवता तिने एकदम विचारलं, “प्रेबेन, तुला कुठे पुरायचं?” प्रेबेनचा घास तोंडाशी थांबला. “मला? आत्ताच? अहो, आधी खाऊ तर द्या!” “खरंच विचारतेय.” “बायको सांगेल तिथे. आयुष्यभर ती सांगेल तिथेच गाडी लावलीय, आता शेवटाला कुठे वाद घालू?” तो हसला, मग तिच्याकडे नीट बघून हसायचा थांबला. त्याला थोर्किलचं माहीत होतं. “पट्टे आवळून बघतो,” एवढंच म्हणून तो उठला आणि धोंड्याभोवती फिरत राहिला, गरज नसताना दोनदोनदा.

या टेकडीचं दुखणं सिमेंटचं होतं. दोन पिढ्यांपूर्वी तिची डागडुजी झाली होती, ती फार आपुलकीने केली होती, यात काही शंका नाही. आपल्या लोकांना फट दिसली की ती बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हाच्या मंडळींनी आतल्या एकूणएक सांधी सिमेंटने भरल्या, थापी फिरवून गुळगुळीत केल्या, स्टेशनच्या भिंतीसारख्या. वरच्या झुकत्या थराच्या मागेसुद्धा सिमेंट ओतलं, म्हातारा दगड बिचारा, त्याला आधार म्हणून. काम पुरं झालं त्या रविवारी गावाने झेंडे लावले, बायकांनी थरांचे केक आणले, पाद्रीबुवा बोलले. त्याचे फोटो आहेत, सगळे कसे खूश दिसतात. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांपासून आत पाणी साचायला लागलं. पाच हजार वर्षं जे पाणी यायचं आणि जायचं, त्याला जायला जागाच उरली नाही. ते दगडात शिरलं, गोठलं, आणि उभे धोंडे आतून तडकायला लागले. हे सगळं बोदिलने कित्येक सभांतून सांगितलं होतं, चित्रं दाखवून, कंटाळा येईपर्यंत. सांगताना ती त्या मंडळींवर मनातून खार खायची. कसली माणसं, म्हणायची, दगडावर विश्वास ठेवता आला नाही यांना.

धोंडा उचलला गेला तेव्हा वारा पडलेला होता. प्रेबेनचा हात अशा वेळी फार हलका चालतो. साखळ्या ताणल्या, काहीतरी कुरकुरलं, खालून सिमेंटचे टवके निखळून पडले, आणि तो प्रचंड धोंडा जागचा सुटून हवेत टांगला गेला, जरा फिरला, स्थिर झाला. प्रेबेनने तो हळूच बाजूला नेऊन लाकडांवर ठेवला. टेकडीच्या माथ्यावर चौकोनी काळं तोंड उघडं पडलं आणि त्यातून गार, ओला वास वर आला. बोदिलने शिडी सोडली आणि उतरली. खाली उभं राहून वर पाहिलं तर निळं आभाळ, आणि त्यात एक चंडोल कुठेतरी न दिसता ओरडत होता. उजेड आत पडला होता. रोज विजेरीच्या उजेडात तुकड्या तुकड्याने पाहिलेली खोली अख्खी दिसत होती, आणि ती फार लहान होती. सिमेंट केलेली बाजू शेवाळाने हिरवीगार. तिने हात लावला, तळहात ओला झाला. एका उभ्या धोंड्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, त्यात नखाएवढं पाणी उभं होतं. मग ती मागच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे दोन धोंडे असे टेकलेले होते की त्यांच्या मागे थापी पोचली नसावी. मंडळींनी पुष्कळ प्रयत्न केलेला दिसत होता, सिमेंटचे शिंतोडे कडेपर्यंत आले होते. त्याच्या पलीकडे दगड जुनेच होते, बांधणाऱ्यांनी ठेवले तसे. ती गुडघ्यांवर बसली, हात आत घातला. कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, बोटांना धूळ लागली. दोन चपट्या दगडांच्या मध्ये तपकिरी रंगाची एक बारीक रेघ दिसत होती, भूर्जाच्या सालीची कड. तिने ती बोटाने चाचपली नाही, नुसती बघत राहिली.

पाऊस याच टेकडीवर पडला होता, सगळीकडे सारखाच. इथे तो आला आणि गेला, कारण त्याला कुणी अडवलं नाही. शेजारी त्याला अडवला, आणि तो तिथेच मुक्कामाला राहिला. हे काही तिला नवं नव्हतं, हे तिचं रोजचं बोलणं होतं, पण रोज ते दगडांबद्दल असायचं. आज ती त्या ओल्या गार जमिनीवर बसली आणि तिच्या मनात आलं, मी दुसरं काय करायला निघालेय? थोर्किल जातोय. त्याला जसं जायचंय तसं तो जातोय, चीज कापत, काकडी मागत, कुणाला त्रास न देता. आणि मी थापी घेऊन मागे लागलेय. इथे राहा, या चौकोनात राहा, माझ्या नजरेखाली राहा. आधार म्हणून, आपुलकी म्हणून. त्या झेंडे लावणाऱ्या मंडळींना तिने आयुष्यभर नावं ठेवली होती, आता तिला त्यांची मनापासून दया आली. त्यांना भीती वाटली असणार, दुसरं काय! इतका जुना दगड आपल्या हातून पडला तर? तिलाही भीतीच वाटत होती. राग वगैरे वरवरचा होता, आत नुसती भीती होती, की तो जाईल आणि मग तो कुठेच नसेल. बघितलं तर तो कुठेच नसणारच होता. दगड ठेवला तरी. तिला रडू आलं, फार नाही, पण आलं तेवढं तिने येऊ दिलं, हातमोज्याच्या पाठीने नाक पुसलं आणि स्वतःशीच म्हणाली, “बरं. हो म्हणते.” म्हणून झाल्यावर तिला वाटलं की हेच खरं आहे. “बाई!” वरून प्रेबेनने वाकून हाक मारली, त्याचं डोकं आभाळात काळं दिसत होतं, “खाली भाड्याने खोली घेतलीत की काय? कॉफी गार होतेय!”

दुपारभर त्यांनी सिमेंट काढलं, छिन्नीने, हळूहळू, दगडाला न दुखवता.  परतताना पिवळी शेतं कलत्या उन्हात जास्तच पिवळी झाली होती. तिला शांत वाटत होतं, दमल्यावर वाटतं तसं. वाटेत थांबून तिने नवे बटाटे घेतले, मातीसकट, थोर्किलला आवडतात म्हणून. हो कसं म्हणायचं याचा ती विचार करत होती. तो काकडी मागताना बोलला तसंच आपणही बोलायचं, बटाटे धुता धुता, मागे वळून न बघता. “तुझं ते हिरवळीचं, हो म्हण त्यांना.” एवढंच. पुढे काही जोडायचं नाही, आवाज जड होऊ द्यायचा नाही. शहरात शिरेपर्यंत तिने ते वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातला अर्थ निघून गेला होता आणि नुसते शब्द उरले होते, ते बरंच होतं. कचेरीपाशी गाडी लावून तिने सायकल काढली. जिना चढताना एका मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचून तिने श्वास घेतला आणि दार उघडलं.

थोर्किल स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता, अंगात कोट, पायांत बूट. धाप अजून बसलेली नव्हती. “कुठे गेला होतास?” ती घाबरून म्हणाली, “एकटा? जिना उतरलास? अरे, वेड लागलंय का तुला?” “उतरलो ते ठीक. चढताना दर वळणावर बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला पाणी दिलं, मग बिस्कीट दिलं, मग मुलाच्या लग्नाचे फोटो दाखवले. सुटेचना मी.” “पण गेलास कुठे?” “हिरवळ बघायला.” बोदिलने बटाटे ओट्यावर ठेवले. आता, तिने ठरवलं. नळ सोडला, पाठ त्याच्याकडे केली. “तुझं ते हिरवळीचं—” “थांब,” तो म्हणाला. “आधी मी बोलतो, नाहीतर धाप लागेल आणि राहून जाईल. नळ बंद कर, ऐकू येत नाही.” तिने नळ बंद केला.

“छान आहे तिथे,” थोर्किल म्हणाला. “खरंच छान. गवत नुकतं कापलेलं, चेस्टनटला फुलं आलीत. पलीकडे कुणीतरी पोरं उन्हात लोळत होती. मी बाकावर बसलो, म्हटलं, हे आपलं घर. पसंत. तेवढ्यात एक म्हातारी आली. काठी टेकत, हातात ट्युलिपची जुडी. नवरा असेल कुणाचा तरी तिथे, तिचाच असेल. ती गवताच्या कडेशी येऊन उभी राहिली. आणि मग तिला काही केल्या कळेना, बोदिल, की तोंड कुठे करायचं. आधी झाडाकडे वळली. जरा थांबली. मग भिंतीकडे वळली. मग पुन्हा झाडाकडे. फुलं अशी पुढे धरलेली. बोलायचं असेल तिला काहीतरी, ओठ हलत होते, पण मध्येच थांबायची आणि वळायची. मी म्हटलं, आता ठेवेल, आता ठेवेल. शेवटी तिने ती जुडी एका कचऱ्याच्या पेटीवर ठेवली आणि गेली.” त्याने श्वास घेतला. “मला वाटलं, ही तू आहेस. मी आतमध्ये मजेत पडलोय, आणि तू अशी गोल गोल फिरतेयस. मला सहन झालं नाही ते.”

बोदिल ओट्याला टेकून उभी होती. हाताला मातीचा ओला वास येत होता. दिवसभर जपून, हलवून न देता जे वाक्य तिने तिसऱ्या मजल्यापर्यंत आणलं होतं, ते तिच्या जिभेवर होतं. ती ते म्हणाली असती तर तो हसला असता, म्हणाला असता, बघ, तू हो म्हणतेस आणि मी नाही, जन्मभर असंच चाललंय आपलं. पण मग पुन्हा ठरवावं लागलं असतं, आणि तिला ठाऊक होतं, थोर्किलने तिचा होकार मानला असता. म्हणून तिने तो होकार गिळून टाकला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. “मग?” तिने विचारलं. आवाज जड झाला तो झालाच.

“मग काय! तसाच तिथल्या कचेरीत गेलो. बाई चांगली होती, तिने एक जागा दाखवली. दोघांना पुरेल एवढी आहे.” तो कोटाची बटणं काढायला लागला, तिने पुढे होऊन, गुडघ्यांवर बसून ती काढायला घेतली. तो खाली तिच्या डोक्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “पण तू घाई करायची नाहीस हं, सांगून ठेवतो.”